हेबलथ्वेट आणि मुलगे

पाटीवर सोनेरी अक्षरांत 'आणि मुलगे',
आणि दार उघडलं ते ग्लेनिसने.
वय त्र्याहत्तर, नखांच्या कडांत निळा रंग.
"मुलगे संपले," म्हणाली, "पण वर्ख खऱ्या सोन्याचा,
खरवडायचं जिवावर येतं."

मला हवी होती चष्म्याच्या दुकानाची पाटी.
इंग्रजीत. आणि खाली एक ओळ मराठीत,
माझ्यापुरती.

चहा ओतता ओतता तिने घराणं काढलं.
पणजा जोसाया टॉडमॉर्डनच्या कालव्यात
कोळशाच्या पडावांवर नावं रंगवायचा.
स्वतःचं आडनाव इतकं लांब
की पहिल्याच पाटीवर शेवटचं अक्षर मावेना,
ते बारीक करून कोपऱ्यात कोंबलं.
गाव अजून हसतं.

आजोबा एमॉस. लढाईनंतर
चर्चमधल्या ओकच्या फळीवर एकेचाळीस नावं,
सतरावं सख्ख्या भावाचं.
तिथे हात कापला नाही. कापला पुढच्या नावावर.
"हेलिवेलचा दुसरा एल बघ कधी जाऊन."

बापाच्या काळात प्लॅस्टिकची अक्षरं आली,
तरी ब्रश रोज टर्पेंटाइनमध्ये धुतले जायचे,
न वापरलेलेसुद्धा.
धुवायचं काम हिच्याकडे.
"मला शिकवलं नाही कुणी," एवढंच बोलली
आणि बिस्किटाचा डबा पुढे केला.

मी कागदावर लिहून दिलं:
डोळे तपासून मिळतील.
ती बराच वेळ बघत राहिली.
"आमची अक्षरं जमिनीवर उभी असतात.
तुमची दोरीवर वाळत घातलेली."
काठीवर मनगट टेकून
आधी तिने आडवी रेघ ओढली, एका दमात,
मग एकेक अक्षर खाली टांगलं.
शाळेत आम्ही रेघ शेवटी द्यायचो.
मी बोलले नाही.

पैसे घेईना. म्हणाली, त्याऐवजी डोळे बघ.
खुर्चीत बसल्या बसल्या तक्त्याला नावं ठेवली:
"हा आर कुणी काढला? पाय आखूड आहे."
मी तिचा डावा डोळा झाकला.
ती गप्प.
वरचं सगळ्यात मोठं अक्षरही नाही.
"कधीपासून?"
"तू पाटी सांगितलीस, त्याच्या आधीपासून."

दुकानाच्या दारावर
'तपासून'मधला 'स' रेघेपासून केसभर सुटलेला आहे.
या रस्त्यावर मराठी वाचणारं
माझ्याशिवाय कुणी नाही.