दहा मिनिटांत किती

एप्रिल सरता सरता, रात्रीच्या वेळी
बाबा पेट्या ट्रकवर चढवायचे.
तोंडाला जाळी, दोर तीनदा आवळलेले,
आणि आत ती घरघर,
उकळी फुटायच्या आधीचं पाणी जसं.
आरिकोपासून तेइदेपर्यंत वळणंच वळणं.
मी त्यांच्या कोटात गुरफटून झोपलेली असायचे.
जाग यायची ती थंडीने
आणि रेतामाच्या वासाने.

काळ्या लाव्ह्यावर पांढरं झुडूप,
ढगांच्याही वर.
बाबा म्हणायचे, बघ दासिल,
आपण नसतो तर एवढी फुलं
नुसती वाया गेली असती.

हे वाक्य मी वीस वर्षं खरं मानलं.
त्याच मधावर शाळा झाली, विद्यापीठ झालं,
ला लागुनातलं खोलीचं भाडं सुटलं.

आता गळ्यात स्टॉपवॉच आहे, मांडीवर वही.
झुडुपासमोर दहा मिनिटं बसायचं.
कोण आलं, किती फुलांवर बसलं,
केसराला शिवलं
की बाजूने पिऊन निघून गेलं.

पेट्यांपासून शंभर पावलांवर:
मधमाशी, मधमाशी, मधमाशी,
मधमाशी,
खाली नुसत्या रेघा.

दूर, वाट संपते तिथे:
एक भुंगेरा, परागात डोकं खुपसून पेंगलेला.
एक सरडा, तोंड पिवळं करून गेलेला.
आणि कधीतरी ती,
राखाडी, केसाळ, एकटी.
जमिनीत बीळ करते.
तिला ना राणी, ना फौज, ना ट्रक.
ती आली की मी श्वास रोखून धरते,
घरी अचानक कुणी मोठं माणूस यावं तशी.

ऑगस्टात शेंगा वाळतात. नखाने उकलते.
दूरच्या शेंगेत पाच दाणे, सहा दाणे.
पेट्यांजवळच्या शेंगेत दोन,
बाकी पोचट, फुंकर मारली की उडणारं.
मधमाशी कामसू, कोण नाही म्हणेल?
पण ती एकाच झुडुपावर दिवसभर घोटाळते
आणि पराग मांडीला बांधून घरी नेते.
झाडाच्या वाट्याला गर्दी तेवढी येते.

हे मी घरी सांगितलं नव्हतं.
जेवणाच्या टेबलावर बरणी असते. पावाला लावून खाते.
मधाचं बोट म्हणतात ते हेच असावं.

यंदा ट्रकचा गिअरबॉक्स गावातच बसला.
पंधरा दिवस पेट्या खाली, पायऱ्यांच्या शेतात.
वर ओटे रिकामे, दगडांवर मेणाचे डाग.
नवव्या दिवशी बाबा कुणाची तरी गाडी मागून वर आले,
जागा बघायला म्हणून,
आणि माझ्या शेजारी दगडावर टेकले.
मी काही न बोलता स्टॉपवॉच त्यांच्या हातात दिलं.
ते ओठांनी मोजत राहिले.
चौथ्या मिनिटाला एकदम म्हणाले, ही कोण?

चाळीस वसंत या डोंगरावर काढलेला माणूस.
मी तिचं लॅटिन नाव सांगितलं.
ते नाव झालं का, म्हणाले,
लोक काय म्हणतात हिला?
काहीच म्हणत नाहीत, बाबा.
ते खूप वेळ टोपीची कड चाचपत बसले.
घड्याळ थांबवायचं राहूनच गेलं,
तो नमुना मला रद्द करावा लागला.

सोळाव्या दिवशी ट्रक आला. रात्रीच, नेहमीसारखा.
मी दिव्याच्या उजेडात पेट्या मोजल्या,
सवयच लागली आहे मोजायची.
बारा कमी.
बाबा म्हणाले, चढवायची फळी कुजली होती,
कमरेलाही झेपेना, राहू दे.

फळी मी नंतर पाहिली.
धड होती.
वर आफ्रिकेकडची धूळ यायला लागली होती,
त्या दिवसाची मोजणी बंद.