फुगणारी माती

कच्छहून गोणीत आलेली राखाडी माती
मी स्टीलच्या अंगठीत ठासून भरते,
खालून पाणी सोडते,
आणि ट्रॉम्बेच्या खिडकीबाहेर खाडी भरत-ओसरत असताना
काट्याकडे बघत बसते.
अकरावा महिना.
काटा आज केसभरही हलला नाही.
निमकर बाई म्हणतात, छान.

बाबांनी जन्मभर होड्यांच्या फटींत कापूस नि राळ कोंबली.
पाणी आत येता कामा नये, एवढाच त्यांचा धर्म.
मी सांगितलं, आमचं उलटं आहे.
पाणी येणारच, असं धरून सुरुवात.
ते आलं की माती फुगते, आपली फट आपण बुजवते.
मातीच्या आत डबा. तो गंजणार;
किती सावकाश, तेवढंच आमच्या हातात.
डब्यात काच,
आणि काचेत मुरवलेलं ते,
जे आमच्या कुणाच्याच हयातीत निवणार नाही.
बाबा म्हणाले, म्हणजे तुमच्यात कुणाचा कुणावर भरवसा नाही!
म्हटलं, हो. तसंच.
जेवण होईपर्यंत हसत होते.

जागा अजून ठरलेली नाही.
कुठलातरी जुना खडक, अर्धा किलोमीटर खाली.
पण मुकादमला काळजी पाटीची:
वर लिहायचं काय? कुणाच्या लिपीत?

रविवारी मी त्याला माहूलच्या वाटेवरचा दगड दाखवायला नेलं.
वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या ओळी, खाली गाढव.
जो हे मोडेल त्याच्या आईला दिलेली शिवी,
कुणीतरी अगदी मनापासून कोरलेली,
चंद्र-सूर्य असेपर्यंत टिकावी म्हणून.
माझी मावशी दर अमावस्येला तिथं नारळ वाढवते.
शेंदराखाली गाढव पार बुजलंय.
शिवीलाच नवस बोलतात लोक,
आणि पावते म्हणे.
मुकादमनं बोटाचा शेंदूर रुमालाला पुसला,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, पाटी नकोच.

सोमवारी परत अंगठी.
हिला वाचता येत नाही, शाप देता येत नाही,
कुणी हात जोडले तरी समजायचं नाही.
ओल लागली की फुगायचं,
एवढंच येतं.
काटा तिथंच.
मी वहीत तारीख घालते, पुढे कालचाच आकडा,
आणि सही: वा. पागधरे.
या वह्यांतली शाई
चार पावसाळ्यांत फिकी पडते.