चोवीसचे अठ्ठावीस

रात्री चोवीसवर लावून झोपते,
पहाटे बघते तर अठ्ठावीस.
पाठीखालची चादर ओली
आणि भिंतीवरचं यंत्र साळसूद.

हे म्हणतात, तूच उठून बदलायलीस झोपेत.
मी म्हणते, तुम्ही. बिलाच्या धाकानं.
पंधरा दिवस आम्ही दोघं
एकमेकांवर पाळत ठेवून झोपलो.

आता माझं सांगते.
एकतीस वर्षं इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत
पांढऱ्या पेटीची झडपं उघडून पारा वाचला मी.
सकाळी सात, दुपारी दोन.
डोळा पाऱ्याच्या पातळीत, श्वास रोखून,
कारण माणसाच्या श्वासानंही आकडा हलतो.
त्रेचाळीस पूर्णांक आठला
कधी चव्वेचाळीस लिहिलं नाही,
साहेब म्हणाले तरी.
आणि मला हे डबडं फसवणार?

कोरी वही काढली, रकाने आखले:
वेळ. लावलेलं. दिसलेलं. घरात कोण.
"शेवटचा रकाना कामून?" हे म्हणाले.
म्हटलं, असू द्या.
रकाना जास्त झालेला चालतो, कमी पडलेला नाही.

पहिल्या रात्री रिमोटचे सेल काढले.
दुसऱ्या रात्री रिमोटच
ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पुरला.
तिसऱ्या रात्री यंत्राच्या डोळ्यावर
लाल चिकटपट्टी.
शेजारी कानगुल्यांकडं याच कंपनीचं आहे,
त्यांना सांगून त्यांचं बंद ठेवलं एक रात्र,
बिचारे गच्चीवर झोपले.
अठ्ठावीस.

मग मुजीब आला. वरचं झाकण उघडलं, फुंकर मारली,
जाळी धुतली, लाइटचा दाब मोजला,
चहा घेतला.
"काकू, मशीन ठणठणीत हाय.
हिला कुणीतरी सांगायलंय."
"कोण?"
त्यानं छताकडं बघितलं.
यांनीही बघितलं.

त्या रात्री झोप नाही, म्हणून वही उलटी चाळली.
सगळीकडं अठ्ठावीस, अठ्ठावीस,
आणि मध्येच चार दिवस
चोवीस, चोवीस, सरळ रेघेत.
खालीवर काही नाही.
बोट आडवं सरकवत शेवटच्या रकान्यापर्यंत गेले:
मी, हे, प्रणिता.
आंबे खायला आली होती पुण्याहून,
रविवारी रात्रीच्या गाडीनं गेली.
सोमवारपासून परत: मी, हे.
अठ्ठावीस.

सकाळी फोन लावला. यंत्र तिनंच पाठवलेलं,
तिच्याच मोबाइलवरून सुरू करून दिलेलं.
आधी हसली. मग कुठंतरी आत शिरून शोधत राहिली,
मग म्हणाली, "अगं आई,
घरी कुणी नसलं की वीज वाचवायची,
असं एक बटण चालू राहिलंय.
ते माझा मोबाइल बघतं.
मी तिथं नसले की त्याला वाटतं..."
आणि गप्प झाली.
लाइन तुटली असेल म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

यांना सांगितलं. सुपारी कातरत होते.
अडकित्ता ठेवला, उठले,
यंत्रासमोर उभं राहून दोन्ही हात हलवले:
"ओ! आम्ही हाव की इथं!"

तिनं तिकडून बटण बंद केलं.
अर्ध्या मिनिटाचं काम.

आता चोवीसचं चोवीस राहतं.
पण परवा रात्री दोनला जाग आली सवयीनं,
यांचे पाय गार लागले,
मी हातानं सव्वीस केलं आणि झोपले.
सकाळी हे आनंदानं ओरडत आले,
"बघ, बघ! परत बदललं!"

मी काही बोलले नाही.
वहीत मात्र लिहिलं:
रात्री २.०५. लावलेलं सव्वीस. दिसलेलं सव्वीस.
घरात: मी, हे.