हनुवटी वर कर, टाइग

सगळ्यात खालच्या फळीला
किमतीची जी पत्र्याची पट्टी असते
ती एका टोकाला सुटली होती.
माझा मुलगा वाटाण्याचा डबा घ्यायला वाकला,
आणि उठताना
एक युरो दहा सेंट
त्याच्या हनुवटीवरून ओढले गेले.

मी दोन पावलांवर होते.
दोन हातांत धुण्याच्या दोन पावडरी,
फरक चाळीस सेंटचा.
हे मीच आधी सांगते,
कारण पुढे त्यांनी ते सांगितलं,
विमा कंपनीच्या जाड कागदावर:
आईचं लक्ष नव्हतं.
नव्हतंच.
ज्या घरात चाळीस सेंट लांबूनही दिसतात
तिथल्या बाईचं लक्ष आणखी कुठे असणार?

गल्ल्यावरची नुअला धावत आली,
गळ्यातला नवा स्कार्फ काढून तिने दाबून धरला.
वकिलाने जबाब मागितला तेव्हा मात्र म्हणाली,
'पट्टी नाही गं पाहिली. रक्त पाहिलं.'
तिच्या पेन्शनला अजून तीन वर्षं आहेत.
मी रागे भरले नाही.
बरं, भरले.
रविवारच्या मिस्सेला ती माझ्या मागच्याच बाकावर होती,
आणि शांतीसाठी हात मिळवायच्या वेळी
आम्ही दोघींनी
आपापल्या शेजारणीचे हात धरले.

सात टाके.
जखम तीन आठवड्यांत भरली.
फॉर्म भरायला त्याहून जास्त लागले.
अर्जदाराचं वय: सहा.
अर्जदाराचं आर्थिक नुकसान:
मी लिहिलं, हलणारा दात त्याच गडबडीत पडला,
सापडला नाही,
दात नेणाऱ्या परीचे दोन युरो बुडाले.
मॅकिनर्नी वकिलांनी ती ओळ खोडली,
हसून, पण खोडली.

त्यांच्याकडे एक पुस्तक आहे.
त्यात माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत मांडलाय,
दरासहित.
करंगळी काय भावाने जाते ते मला आता माहीत आहे,
आणि भांडी घासताना कधीकधी
मी आपल्याच हातांची बेरीज करते.
त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली,
शाळेतली, पारदर्शक,
आणि माझ्या मुलाला मोजलं.
'तीन सेंटिमीटर,' म्हणाले, 'पण चेहऱ्यावर.'
जागा लहान, पण मोक्याची,
असं दलाल म्हणतात ना,
तसं.

चौदा महिन्यांनी एनिसच्या कोर्टात
न्यायाधीश बाई खुर्चीतून पुढे झुकल्या.
ये इकडे. हनुवटी वर कर, टाइग.
खिडकीकडे.
न्हाव्यापुढे करतात तशी त्याने केली.
दुखतं का रे?
मॅकिनर्नींचा श्वास माझ्या खांद्यापाशी अडकला.
निघताना मी त्याला दोनच गोष्टी बजावल्या होत्या:
नाकात बोट नको,
आणि खरं बोल.
'नाही,' तो म्हणाला.
मग, आणखी खरं व्हावं म्हणून,
'आंबट खाल्लं तरी नाही.'

रक्कम मंजूर झाली.
ती कोर्टाकडेच राहील,
त्याची अठरा भरेपर्यंत.
मला डॉक्टरचे मिळाले, टॅक्सीचे मिळाले,
पावती हरवली म्हणून मलमाचे नाहीत.

बसमध्ये त्याने विचारलं,
खूण गेली तर पैसे परत द्यायचे?
नाही, म्हटलं.
आणि पैसे संपले की खूण जाणार?
मी खिडकीची काच पुसली.
बाहेर गाई होत्या, त्याला दाखवल्या.

दुकान तेच आहे.
चालत जाता येईल असं दुसरं नाही.
पट्ट्या आता प्लॅस्टिकच्या, गोल कडांच्या.
नुअला वस्तू सरकवते, मी पिशवी भरते,
ती म्हणते, वाढला गं,
मी म्हणते, हो.

तिचा स्कार्फ अजून माझ्याकडेच.
महागड्या पावडरीने धुतला,
मग स्वस्त पावडरीने.
डाग दोन्हींत तेवढाच राहिला.