स्टोअरची चोपडी

सोहारच्या कॉलेजात अकरा वर्षं स्टोअर सांभाळतो मी,
अश्फाक तिसेकर, तालुका मंडणगड.
कमरेला सतरा किल्ल्या आणि पुठ्ठ्याची एक चोपडी,
अक्षर मराठी, आकडे इंग्रजी.
बाहेर गेलेलं सगळं तिच्यात उतरतं,
स्टिका, चेंडू, गोलकीपरचे पॅड,
कोण परत करतं, कोण विसरतं.

मैदान एकच. निळं, प्लास्टिकच्या गवताचं.
पाणी न मारता त्यावर हॉकी खेळणं
म्हणजे तापल्या तव्यावरून पळणं.
फवाऱ्यांचं बटण माझ्या भिंतीवर.
मुलांचा सराव सातला:
ऊन हजरच्या डोंगरामागे गेलेलं, दिवे लागलेले,
फवारे दहा मिनिटं.
मुलींचा साडेतीनला.
फवारे नाहीत.
पाणी महाग, ऑफिसने सांगितलेलं,
समुद्राचं मीठ काढून येतं ते.
खरंच आहे. मी मान हलवली.
अकरा वर्षं हलवली.

जर्सीचंही तसंच.
मुलांच्या जुन्या झाल्या की माझ्याकडे यायच्या,
गरम इस्त्रीने पाठीवरचं नाव सोलायचं, मग मुलींना.
नाव निघतं, पण उन्हाने विटलेल्या कापडावर
त्याची जागा गडद राहते.
रहमा अल-बलुशी, मुलींची कप्तान,
दोन वर्षं कुणा याकूबला पाठीवर घेऊन धावली.
याकूब आता बँकेत आहे. ढेरी सुटलीय त्याची.

मे महिन्यात जिन्सी पडली.
गुडघा फुटला नाही, भाजला.
रहमा बर्फ मागायला आली,
कपाळाच्या कापडावर घामाच्या मिठाची पांढरी रेघ.
म्हटलं, बर्फ नाही.
रात्रीच्या मॅचसाठी ठेवलेला होता,
म्हणजे होता.
काढून दिला.
मग ती आमच्या सगळ्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाली,
चाचा, तुम्ही सगळं लिहिता ना?
मग हेही लिहिलं असेल.

चोपडी तिच्यापुढे सरकवली.
मराठी येत नाही तिला. आकडे येतात.
मुलगे, चेंडू बहात्तर. मुली, चौदा.
मुलगे, नव्या स्टिका चोवीस. मुली, दुरुस्त केलेल्या नऊ.
फवारे, मुलगे: रोज.
फवारे, मुली:
तिथे मी नुसती रेघ मारत आलो होतो,
पट्टी धरून, सरळ.
शाळेत सुवाच्य अक्षराचं बक्षीस होतं मला.

चाळीस पानांचे फोटो तिने काढले.
माझ्या रेघा डीनच्या टेबलावर गेल्या.
आत काय बोलणं झालं, ठाऊक नाही.
मला बोलावून एवढंच विचारलं, अक्षर तुझं?
म्हटलं, माझंच.

त्या रात्री खोलीवर डोळा लागेना.
घरी पाठवलेल्या खोक्यांच्या याद्या काढल्या,
त्याही लिहून ठेवायची खोड आहे.
रिझवान: बॅट, पॅड, बूट,
पुन्हा बूट, पाय वाढला म्हणून.
सुमैय्या, जी तालुक्याला खो-खो खेळते
आणि खांबाला सूर मारते म्हणे:
अत्तर. ड्रेसचं कापड.
पुढच्या खोक्यात अत्तर.

पहाटे फोन लावला.
काय झालं अब्बा? घाबरली पोर.
म्हटलं, पायाचा नंबर सांग.
किती तरी वेळ काही नाही, पंख्याचा आवाज फक्त.
मग म्हणाली, सहा.
पण मी अनवाणीच खेळते, सवय झालीय.

सप्टेंबरात वेळापत्रक बदललं, पुरतं नाही.
रविवार, मंगळवार सातला मुली.
जर्सीची ऑर्डर गेली म्हणतात, आल्या नाहीत अजून.
साडेतीनच्या पाळीला एक मुलगा कुरकुरत आला,
पाय भाजतात हो.
म्हटलं, भाजतात. लिहून ठेवतो.

पहिल्या रविवारी बटण दाबलं.
निळ्यावर पाणी उडालं, दिव्यात चमकलं,
आणि मुली सराव सोडून
मधोमध उभ्या राहिल्या, याकूबसकट भिजत.
कुणी हाक मारली नाही त्यांना.
चोपडीत लिहिलं, फवारे, मुली: दहा मिनिटं.
खरं तर बारा झाली होती.
खोडून बारा केलं.