जोर

कुंडईच्या वसाहतीत, बाटल्यांची झाकणं पाडणाऱ्या कारखान्यात
मी हजेरी लिहितो. एकोणीस वर्षं झाली.
संगणक आला, तरी मालकांना वही लागतेच.
वही मराठीत. बोलतो आम्ही कोकणी.
मधली वाट माझ्या बोटांना पाठ आहे.

ऑगस्टात एका सकाळी सुलक्षा गावडे
म्हार्दोळहून पहिल्या बसने आली,
पावसाळी हवेत कानाला टॉवेल गुंडाळून,
आणि दारातच म्हणाली, "म्हाका जोर आयला."

ठेकेदाराचा माणूस नवा होता, निपाणीचा.
"जोर आलाय? मग बघतेस काय, लाग कामाला!"
सगळी लाइन हसली.
तीही हसली, दात वाजत असताना.
कुणी त्याला सांगितलं नाही
की आमच्याकडे तापाला जोर म्हणतात.
मीही नाही. मी तारीख घालत होतो.

त्या जोरावर तिने तीन तास झाकणं मोजली,
मग खोक्यांच्या थप्पीला टेकून खाली बसली.
रिक्षाचे पैसे तिचेच.
चार तासांच्या आत गेलेला माणूस
आलेलाच नसतो, असा इथला नियम.
म्हणून एक लाल फुली.
दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही.
दुसरी फुली.

आता फेब्रुवारी. तिला कावीळ.
फोंड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी
एकवीस दिवसांचा दाखला दिलाय,
सही, शिक्का, सगळं जागच्या जागी.
तिचा भाऊ वामन तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून
माझ्या टेबलापाशी उभा:
"पैसे कापतात ना दर महिन्याला?
मग आजाराचे मिळतात म्हणे, शंभरातले सत्तर."

मिळतात रे. कायद्यातच आहे.
पहिले दोन दिवस सोडून मिळतात,
ते दोन दिवस कुणाचेच नसतात.
पण एप्रिल ते सप्टेंबर
अठ्ठ्याहत्तर दिवसांचा पगार लागतो नावावर.

मी वही उघडली. बोट फिरवलं.
मे महिन्यात ठेकेदार बदलला, तेव्हाचा ब्रेक.
जून अर्धा. चवथीचे पाच दिवस, बिनपगारी,
तेव्हा सगळा तालुकाच माटोळीखाली असतो.
शहात्तर.
परत मोजलं.
शहात्तर.

दोन कमी.
आणि वहीभर शोधायची गरजच नव्हती,
त्या दोन फुल्या दुरूनही दिसत होत्या,
माझ्याच अक्षरातल्या, जरा तिरक्या.

अर्जावर एक रकाना असतो: दिवस कमी भरण्याचे कारण.
मी लिहिलं, ताप.
मग वाचलं.
मग पेनाचं टोपण लावून
बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं.

वामन गेला तेव्हा अकरा वाजले होते.
पेजेचे डबे उघडले, चेपणीच्या आंब्याचा वास आला.
मी उत्पादनाची वही काढली, ती वेगळी असते,
तिच्यात माणसं नसतात, नुसता माल.
बारा ऑगस्ट. लाइन चार. एस. गावडे.
झाकणं दोन हजार चारशे.

म्हणजे माल आला होता.
माल बनवणारी आली नव्हती.

ते पान मी झेरॉक्स केलं, अर्जाला टाचलं,
वर लिहिलं: सदर दिवशी कर्मचारी हजर होती.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्या फुलीविरुद्ध माझीच सही.
मालकांनी विचारलं तर काय सांगायचं,
ते अजून जुळवलेलं नाही.

सत्त्याहत्तर झाले.

दुसऱ्या दिवसाचा कागद कुठेच नाही.
त्या दिवशी ती म्हार्दोळला गोधडीत होती,
आणि तिथली हजेरी
कोण लिहितो?

संध्याकाळी वामनला फोन केला.
म्हटलं, एक दिवस कमी पडतोय.
तो गप्प. मग पलीकडून तिचाच आवाज, बारीक:
"सर, तुमी कित्याक त्रास घेतात?
आतां जोर ना म्हाका."

कोणत्या भाषेत म्हणाली,
ते मी विचारलं नाही.