केस झुकतात त्या दिशेनं

ग्रिम्झबीचा मार्चमधला वारा
बंदरावरून मासळीचा वास घेऊन येतो
आणि पोरांचे ओठ सोलून जातो.
आज तिसरीचा वर्ग. गळ्यात नर्सचं ओळखपत्र,
पिशवीत सात भिंगं, चिकटपट्टीचा गुंडा, मलमाचा पंप.
'मिस टेंबी' म्हणतात मला. टेंबे म्हणायला
त्यांची जीभ वळत नाही. राहू दे.

पट्टी हाताच्या पाठीवर लावा. दाबा. काढा.
आता भिंगातून बघा.
"ईऽऽ," झोशा किंचाळली, "कोंडा!"
कोंडा नव्हे गं, विटा.
खालून नव्या चढत येतात, महिनाभर चालत,
चालता चालता मरतात
आणि मेल्यावरच भिंतीच्या कामाला लागतात.
बोलून गेले आणि चपापले.
सात वर्षांच्या मुलांपुढे मरण!
त्यांना काहीच वाटलं नाही. कॅलम म्हणाला,
मग उन्हाच्या पट्ट्यात उडते ती धूळ कोणाची?
थोडी तुझी, थोडी माझी.
तो उठून उन्हात उभा राहिला, तोंड उघडं ठेवून.

थंडी वाजली की प्रत्येक केसाच्या मुळाशी
एक इवला स्नायू दोर ओढतो.
इथे त्यावरून हंस आठवतो, आमच्याकडे काटा.
फळ्यावर हंस काढला.
तो बदकासारखा झाला.

ओयिंदानं माझ्या हाताशेजारी हात ठेवला.
माझा जास्त का?
रंगाची दुकानं सगळ्यांच्या अंगात
जवळजवळ सारखीच, म्हटलं.
कोणाचं थोडाच वेळ उघडतं, कोणाचं दिवसभर.
तिनं विचार केला.
"आमचं चोवीस तास," ती म्हणाली,
आणि शेजारणीकडे बघितलं, दुकानदारणीसारखं.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं.
दर शनिवारी आत्या माझ्या कोपरांवर
लिंबाची फोड घासायची.
एकदा टाचेची वज्री गुडघ्यांवरही फिरवली.
रक्त आलं तेव्हा म्हणाली, आता उजळेल.
आपल्या कातड्याचे जोडे करून घातले
तरी जिचे उपकार फिटायचे नाहीत,
तिनंच.

तर मुलांनो, पाणी कोमट. कढत नको.
टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही.
आभाळ आलं म्हणून उन्हाचं मलम विसरायचं नाही.
आणि हे मलम, केस झुकतात त्या दिशेनं,
मांजराला कुरवाळावं तसं.

रीसच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.
तास संपता संपता त्यानं विचारलं,
"विटांमधला चुना पडला तर?"
मग वारा आत शिरतो. खाज सुटते.
"गवंडी कोण?"
तू. सकाळी एकदा, झोपताना एकदा.
त्यानं बाही वर केली.
कोपराच्या खळगीत लाल, भेगाळलेलं,
ओरखड्यांवर ओरखडे.
कोणी हसलं नाही. झोशानं पंप दाबून दिला.
तो हळूहळू मलम लावत राहिला, वरून खाली,
जीभ दातांत धरून,
चित्र रंगवताना धरतो तशी.

मग कागदी रुमाल पुढे केला: अजून थोडं.
बाबासाठी. तो रात्रभर बर्फात मासे कापतो.
"त्याची भिंत..."
पुढचा शब्द सापडेना,
म्हणून त्यानं दहाही बोटं फाकवून दाखवली.

मुलांबरोबर औषध घरी देता येत नाही. नियम आहे.
मी नियम पाळला.
मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी लिहून दिली,
दवाखान्याच्या वेळा, कोमट पाणी, टिपा, घासू नका.
तो ती एकेक अक्षर लावत
दारातून बाहेर गेला.

गाडीत बसले. काच वाऱ्यानं थरथरत होती.
पंपात उरलेलं मलम घेतलं,
स्वेटर वर सारून कोपराला लावायला लागले.
हात आपोआप उलटा गेला,
जोरात.